एक पिशवी मोफत

गॅल्व्हेस्टनच्या पुलावर गाडी चढली
की श्रीरंगचा आवाज अर्धा सूर वर जातो.
मागच्या सीटवर निळी सूटकेस,
तिच्यात घरचे मळके कपडे.
हो, मळके.
लीग सिटीहून आम्ही जहाजावर
धुणं घेऊन चाललोय.

कारण कार्ड आता सोनेरी झालंय.
सत्त्याहत्तर रात्री त्यांच्या गाद्यांवर झोपलो,
त्याचं फळ म्हणजे दर फेरीला एक पिशवी कपडे
फुकट धुऊन, इस्त्री करून.
शिवाय रोज संध्याकाळी दोन पेयं.
श्रीरंग आधी ताक विचारतो,
मग संत्र्याचा रस घेतो.
कॉलरला लावायची टाचणी,
उशीवर चॉकलेट, मला तर शुगर,
आणि छोटी रांग.

छोट्या रांगेतून आम्ही सव्वाअकराला चढलो.
लांब रांगेतले दीडला.
जहाज सगळ्यांना घेऊन चारलाच सुटलं.
हे मी बोलले नाही.
धक्क्याच्या खांबांवर पेलिकन बसले होते,
एकेका खांबावर एकेक,
कुणाचंच कार्ड न तपासता.

पिशवी कागदी. भरेल तेवढं भरा, असं वर छापलेलं.
श्रीरंग निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर,
पिशवी भरावी तर त्यानेच.
कोपऱ्यांत मोजे, पायजमे उभे,
मग गुडघा टेकवून हवा काढली.
तरी बोटभर जागा उरली म्हणून
माझी सुती इरकल वर दाबली,
पदरावर नातवाच्या बारशातला हळदीचा डाग.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
कुणाच्या तरी हातांत जाणार हे सगळं,
ह्याची बनियनं, माझे परकर.

दुसऱ्या संध्याकाळी केबिनचा मुलगा आला.
छातीवर पाटी : पास्कोल. खाली देशाचं नाव.
एका हाताला हँगरवरचे शर्ट
आणि दुसऱ्या तळव्यावर इरकल.
ड्रायक्लीनरवाला करतो तसा चौकोन नव्हे.
काठाला काठ, पदर वर काढलेला,
मधे बोट जाईल इतकी सैल.
घडी. आपल्याकडे घालतात ती.

कुणी शिकवलं रे?
तो आधी इंग्रजीत हसला.
मग म्हणाला, "आवशीची मीच करी. तिचो हात मोडललो.
खाली गुंडाळून देतत, म्हणान वर हाडून मी घातलंय."
वेंगुर्ल्याचा. अकरावं कॉन्ट्रॅक्ट.
नऊ महिने गुणिले अकरा, मी मनात मोजत गेले,
रात्री तीन हजारांच्या जरा अलीकडे थांबल्या.
त्याच्या कॉलरला टाचणी नव्हती.
डाग गेला नव्हता. फिकटला होता.

श्रीरंग वहीत लिहीत होता :
धुणं, पस्तीस डॉलर वाचले.
रस, बावीस.

शेवटच्या सकाळी आधी उतरायचा मानही आमचाच.
सात वाजता.
कॉरिडॉरभर चादरींचे ढीग,
कुठल्याशा दाराआड व्हॅक्यूमची घरघर.
जरा थांबते, मी म्हटलं.
रांग छोटी आहे तोवर चल, श्रीरंग म्हणाला.
पाकीट मी उशीखाली ठेवलं होतं,
त्यावर त्याचं नाव देवनागरीत.
मिळालं असेल.

इरकल कपाटात अजून तशीच आहे.
नेसायची म्हणजे मोडायची.

फेब्रुवारीत पुन्हा जायचंय.
तेच जहाज, मी हट्ट धरला.
तो तिथे असेल का, हे विचारायचा मान
कुठल्याच रंगाच्या कार्डावर मिळत नाही.
आज निळी सूटकेस मी भरली.
त्याआधी दोनदा मशीन लावलं,
कॉलनीचा नियम मोडून
मागच्या अंगणात दोरी बांधली,
बनियनं टेक्ससच्या उन्हात कडक वाळवली.

श्रीरंगने एक शर्ट नाकाशी नेला.
"अगं, हे तर धुतलेले आहेत."
हो, म्हटलं.
सूटकेस धर, झाकण बसत नाहीये.